कलम चार, जुन्या पानासकट

मी तापट माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कुठं कुठं चुकलो ते सांगताना दर वेळी सबब द्यायला नको. माझं नाव देवव्रत करंदीकर. दोह्याला येऊन सतरा वर्षं झाली. मुशैरिबमधल्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, म्हणजे इमारतींचे नकाशे सांभाळतो. नकाशा बदलला की नवा साइटवर पाठवायचा, जुना परत मागवायचा आणि त्यावर 'सुपरसीडेड' असा लाल शिक्का मारायचा. जुना नकाशा चुकून साइटवर राहिला तर गवंडी इमानेइतबारे चुकीच्या जागी भिंत बांधून मोकळे होतात. काम एवढंच, पण त्यात मी कुणाचं ऐकून घेत नाही.

गोष्ट मात्र माझी नाही. सुनीती निफाडकरची आहे.

दोन हजार बाराला बिन महमूद या दोह्यातल्या वस्तीत आम्ही पाच जणांनी एक वाचक मंडळ काढलं. मंडळ म्हणजे काय, तर माझ्या हॉलमधलं एक लोखंडी कपाट, सव्वातीनशे मराठी पुस्तकं आणि महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळचा चहा. पण पाच मराठी माणसं एकत्र आली म्हटल्यावर घटना लागतेच. ती मी लिहिली. लांबट वही, चौदा कलमं, शेवटी पाच सह्या आणि सगळ्यात वर माझी. घटना कुणाही सभासदाला द्यायची तर ती आधी मोठ्यानं वाचायची, असाही एक नियम मी त्यात घातला होता. मला माझं लिखाण कानावर पडलेलं आवडतं, दुसरं काही नाही.

त्यातलं कलम चार असं होतं: 'सभासद म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेला कुटुंबप्रमुख. कुटुंबातील इतर व्यक्तींना सभासदाच्या नावावर पुस्तके मिळतील.' लिहिताना मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझ्या बायकोनं, नयनानं, ते वाचलं आणि विचारलं, "म्हणजे मी इतर व्यक्ती का?" मी म्हटलं, "अगं, तू तर घरचीच." ती म्हणाली, "कपाट माझ्या हॉलमध्ये आहे, एवढं लक्षात असू दे." आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

सुनीती आली दोन हजार सोळाच्या ऑगस्टमध्ये. नवरा अरुणकुमार पाइपलाइनचा इंजिनियर, अबोल आणि सज्जन. तो सभासद झाला आणि पुस्तकं ती न्यायची. पहिल्याच महिन्यात तिनं कपाट उघडून बघितलं आणि म्हणाली, "दादा, पुस्तकांना कव्हरं नाहीत, नंबर नाहीत, कुणी काय नेलं ते तुमच्या डोक्यात. हे असं कसं चालेल?" मला राग आला, कारण ते खरं होतं. पुढच्या शुक्रवारी ती खाकी कागदाची गुंडाळी, डिंक आणि एक रजिस्टर घेऊनच आली. तेव्हापासून नऊ वर्षं मंडळ खऱ्या अर्थानं तिनंच चालवलं. कपाटाची दुसरी किल्ली तिच्याकडं असायची. मी मात्र तिला 'वहिनी' म्हणायचो आणि रजिस्टरात तिनं नेलेली पुस्तकं अरुणकुमारच्या नावावर पडायची.

कव्हरं घालता घालता ती बोलायची. तिच्या आयुष्याची हकीकत मला अशीच, तुकड्यातुकड्यानं कळली.

ती राज्यशास्त्राची एमए, नाशिकची. तिथल्या एका कॉलेजात अकरा वर्षं शिकवलं, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे तासाचे ठरतील तेवढे पैसे, नेमणूक जुलै ते मार्च. मार्च संपला की ऑर्डर संपली. जुलैला नवी ऑर्डर यायची, आणि ती अशी की जणू आदल्या वर्षी ही बाई कॉलेजात फिरकलीच नव्हती. "एप्रिल, मे, जून आम्ही कोणीच नसायचो, दादा," ती म्हणायची. "पेपर मात्र तेव्हाच तपासून घ्यायचे." कायम होण्याची वेळ आली की फाइलवर शेरा यायचा, सेवेत खंड आहे. हा खंड माफ करायची सरकारी भाषा ठरलेली असते: 'सेवाखंड क्षमापित करण्यात येत आहे.' एवढ्या एका ओळीसाठी तिनं अर्जांवर अर्ज केले, पुण्यापर्यंत खेटे घातले. ती ओळ काही आली नाही. मग अरुणकुमारला इकडची नोकरी लागली आणि तिनं नाद सोडला.

इथं एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत ती लायब्ररीत मदतनीस म्हणून लागली. अकरा वर्षांचा अनुभव त्यांनीही शून्य धरला, कारण प्रमाणपत्रावर अकरा तुकडे होते. तीन वर्षांनी अमेरिकन इतिहास आणि राज्यव्यवस्था शिकवणारी बाई वर्षाच्या मध्येच नोकरी सोडून गेली. महिनाभर वर्ग सांभाळा म्हणून सुनीतीला उभं केलं, ती अजून उभीच आहे. अमेरिका तिनं आजतागायत पाहिलेली नाही.

मला तेव्हा अमेरिकेच्या घटनेत काडीचा रस नव्हता. पण ती सांगायला लागली की हातातलं काम थांबायचं. सतराशे सत्याऐंशीचा उन्हाळा, फिलाडेल्फिया, बाहेर बातमी फुटू नये म्हणून खिडक्या बंद करून उकाड्यात चार महिने भांडणारी माणसं. "तुमच्यासारखीच होती सगळी," ती मला म्हणायची. "प्रत्येकाला आपलंच कलम प्यारं." मी गुरगुरायचो आणि पुढं ऐकायचो.

एकदा ती सांगत होती की त्या घटनेत एक वाक्य आहे. कोणत्या राज्याला किती प्रतिनिधी मिळावेत हे लोकसंख्येवर ठरायचं, आणि त्यासाठी गुलाम माणसं मोजायची ती तीन पंचमांश. पाच माणसं असली की तीन धरायची. 'गुलाम' हा शब्द तिथं लिहिलेला नाही, 'इतर व्यक्ती' असं म्हटलंय. यादवी युद्धानंतर दुरुस्ती होऊन तो हिशोब रद्द झाला, पण वाक्य अजून छापलं जातं. वर्गात इनाया नावाची एक सुदानी मुलगी आहे. तिनं विचारलं, "मिस, त्यांनी हे डिलीट का नाही केलं?"

"मग काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, डिलीट केलं असतं तर आज तू हा प्रश्न विचारला असतास का?"

मग तिनं मला ती पद्धत समजावली. पहिल्या दुरुस्त्या करायच्या वेळी तिकडं वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, बदल मूळ मजकुरातच मिसळून टाका, वाचायला सुटसुटीत. दुसरी बाजू म्हणाली, ज्यांनी सह्या केल्या त्यांनी जे लिहिलंच नाही ते त्यांच्या नावावर कशाला खपवायचं? मूळ कागद आहे तसा राहू दे, दुरुस्ती खाली जोडा. दुसऱ्या बाजूचं चाललं. म्हणून तिकडं अठरावी दुरुस्ती दारूबंदी आणते, एकविसावी ती उठवते, आणि दोन्ही एकाखाली एक सुखानं नांदतात. "आपल्याकडं बदल मजकुराच्या आत करतात," सुनीती म्हणाली. "त्याचीही सोय आहे. पण मला हे खाली जोडायचं आवडतं."

मी म्हटलं, "आमच्या धंद्यात असलं चालत नाही, वहिनी. साइटवर फक्त शेवटची रिव्हिजन."

ती हसली आणि कव्हर घालत राहिली. 'इतर व्यक्ती' हे शब्द माझ्याही वहीत आहेत, हे तिनं तेव्हा बोलून दाखवलं नाही. माझ्या तर डोक्यातही आलं नाही.

या वर्षी मार्चमध्ये अरुणकुमारचं इथलं काम संपलं आणि त्याला ओमानला, सोहारला, नोकरी मिळाली. मुलीचं, ईश्वरीचं, शाळेचं शेवटचं वर्ष जवळ आलं होतं. म्हणून सुनीती शाळेच्या व्हिसावर मुलीला घेऊन इथंच राहिली. एप्रिलच्या शुक्रवारी ती नेहमीप्रमाणे पुस्तकं बदलायला आली आणि मी, शहाणा माणूस, तिला म्हणालो, "वहिनी, अरुणकुमार गेले म्हणजे त्यांचं सभासदत्व खलास. कलम चार. तुम्ही काही कुटुंबप्रमुख नाही."

तिनं हातातली दोन पुस्तकं टेबलावर ठेवली. "व्हिसा माझ्या नोकरीचा आहे, दादा."

"पण कुटुंबप्रमुख तेच ना? सोहारला असले म्हणून काय झालं?"

ती वाद घालणारी बाई नाही. "मला सभासद व्हायचंय," एवढंच म्हणाली. "माझ्या नावावर. सभेपुढं ठेवा." आणि पुस्तकं न घेता गेली.

त्या संध्याकाळी नयनानं चहा केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मंडळात आता पाचांपैकी तिघेच उरलो होतो: मी, दुखानचा श्याम आणि बँकेतला अभिजित. अभिजित फोनवर म्हणाला, "देवव्रतराव, ते कलम लाजिरवाणं आहे, काढून टाका." श्यामनं विचारलं, "अजून आहे ते?" माझा पारा चढला, पण खरं सांगतो, तो दुसऱ्या कुणावर नव्हता. आपण लिहिलेलं लाजिरवाणं आहे हे दुसऱ्यानं सांगितलं की जिव्हारी लागतं.

मग मी मला येतं ते केलं. घटना कॉम्प्युटरवर नव्यानं टाइप केली. वर लिहिलं, रिव्हिजन एक. कलम चार झालं: 'मराठी वाचणारी कोणतीही व्यक्ती सभासद होऊ शकेल.' सुरेख, सुटसुटीत. जुन्या वहीतलं ते पान ब्लेडनं कापून काढलं, कडेला खूणही दिसू दिली नाही. मे महिन्याच्या शुक्रवारी सुनीतीला नवी प्रत दिली आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

तिनं वाचलं. "छान झालंय," म्हणाली. मग जुनी वही उघडून पानं चाळली. "दादा, जुनं पान कुठंय?"

"काढलं. आता त्याचं काय काम?"

"मग मी सभासद कधीपासून?"

"आजपासून. चहा घ्या."

"आणि आजच्या आधी नऊ वर्षं मी इथं कोण होते?"

मला तिडीक आली. जे मागितलं ते दिलं, वर हे काय? मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला सभासदत्व हवंय की माझी नाचक्की?"

ती शांतपणे म्हणाली, "ते कलम कधी नव्हतंच असं झालं, तर मी नऊ वर्षं सभासद का नव्हते? मी आपली आळशी म्हणून? माझ्या नाशिकच्या ऑर्डरी अशाच होत्या, दादा. कोऱ्या करकरीत. दर जुलैला मी नवी." तिनं पर्समधून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "अशी सभासद मला व्हायचं नाही." आणि चहा न घेता गेली.

जून गेला, जुलै गेला. कपाटाकडं बघवत नव्हतं. नव्या मुली पुस्तकं मागायला यायच्या आणि मला काही सापडायचं नाही. नयना चहा करायला लागली होती, पण माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायची. ईश्वरीची शाळा पुढच्या वर्षी संपली की सुनीती सोहारला जाणार, आणि इथं तिनं काय केलं याची एक ओळसुद्धा राहणार नाही, हे मला कळत होतं. कळूनही मी ढिम्म बसलो होतो.

ऑगस्टमध्ये ऑफिसात एक लफडं झालं. एका इमारतीत एक दार उलट्या बाजूला उघडत होतं. ठेकेदार म्हणे नकाशात तसंच होतं, आर्किटेक्ट म्हणे मुळीच नाही. माझा सहकारी मन्सूर, खेडचा आहे, पंधरा वर्षं फाइलींमध्ये काढलेला माणूस. तो तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये गेला आणि लाल शिक्क्याची जुनी रिव्हिजन घेऊन आला. ठेकेदाराचं बरोबर होतं. दार त्या नकाशाप्रमाणेच लागलं होतं, नकाशा नंतर बदलला. पाच मिनिटांत भांडण मिटलं.

मी म्हटलं, "मन्सूर, बरं झालं हे ठेवलं होतंस."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "साहेब, सुपरसीडेड म्हणजे फाडलेलं थोडंच? तुम्हीच शिकवलंत मला. साइटवरून काढायचं, रेकॉर्डमधून नाही. भिंत कुठल्या कागदावर उभी राहिली ते कळायला नको?"

मीच शिकवलेल्या माणसाकडून मला माझाच नियम ऐकावा लागला, आणि सुनीती मे महिन्यात वेगळं काय म्हणाली होती?

घरी येऊन टेबलाचा खण उघडला. पान तिथंच होतं. मी ते फेकलं नव्हतं, कधीच काही फेकलेलं नाही, सवयच नाही. डिंकानं ते पुन्हा वहीत चिकटवलं. ऑफिसातून शिक्का आणला होता, तो कलम चारवर मारला. मजकूर सगळा वाचता येईल असा, तिरका. मग चौदा कलमं आणि पाच सह्यांच्या खाली नवं लिहायला घेतलं. श्याम आणि अभिजितला फोनवर वाचून दाखवलं, दोघांनी होकार दिला, पुढच्या शुक्रवारी सह्या करतो म्हणाले. नयना मागं उभी राहून वाचत होती. "हं," एवढंच म्हणाली, पण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली.

शनिवारी दुपारी वही घेऊन सुनीतीच्या घरी गेलो. दोन गल्ल्या सोडून आहे, पण उन्हानं जीव नकोसा झाला. दार ईश्वरीनं उघडलं. या पोरीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर देते इंग्रजीत.

"ईश्वरी, आईला सांग, काका घटना घेऊन आलेत."

"ओ माय गॉड, काका, व्हॉट हॅपन्ड?"

आतून सुनीतीचं हसणं ऐकू आलं. तीन महिन्यांनी ऐकलं, फार बरं वाटलं. ती बाहेर आली, पाणी दिलं, आणि वहीकडं बघत म्हणाली, "मोठ्यानं वाचायचा नियम आहे ना? ईश्वरी वाचेल. तिचं देवनागरी गंजलंय."

ईश्वरी अडखळत वाचायला लागली. कलम चारपाशी आली. "सभासद म्हणजे... नोकरीच्या व्हिसावर असलेला... कुटुंबप्रमुख." लाल शिक्क्याखालची ओळ तिनं बोट ठेवून पूर्ण केली, मग शेवटच्या सह्यांकडं पाहिलं. "काका, यू रोट दिस?"

"हो," मी म्हटलं. "मीच लिहिलं."

तेवढं म्हणायला मला किती जड गेलं ते मलाच ठाऊक. ती पुढं वाचू लागली.

"दुरुस्ती पहिली. कलम चार रद्द. मराठी वाचणारी कोणतीही व्यक्ती सभासद होऊ शकेल. दुरुस्ती दुसरी. श्रीमती सुनीती निफाडकर यांनी ऑगस्ट दोन हजार सोळापासून मंडळाचे ग्रंथपाल म्हणून काम केले आहे. त्या दिनांकापासून त्यांना सभासद धरण्यात यावे. त्यांच्या सेवेतील खंड..." इथं ती अडली. "आई, व्हॉट इज दिस वर्ड?"

सुनीतीनं वही आपल्याकडं ओढली. "क्षमापित," ती म्हणाली. "खंड क्षमापित करण्यात येत आहे."

ती ओळ मी मुद्दाम घातली होती. आयुष्यभर तिनं ज्या ओळीची वाट बघितली ती आपल्या हातून मिळावी, असं मला फार वाटलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि मला वाटलं, चला, सुटलो.

पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "दादा, तुम्ही हे लक्षात ठेवलंत. पण एक विचारू? खंड कुठं पडला? मी तर एकही शुक्रवार चुकवला नाही. मग क्षमा कोण कुणाला करतंय?"

मी खिशातलं पेन काढलं. त्या ओळीवर मधोमध एकच रेघ ओढली, शब्द दिसतील अशी, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख घातली. खाली लिहिलं, 'खंड नव्हता.' वही तिच्यापुढं सरकवली आणि वर तिनं परत केलेली कपाटाची किल्ली ठेवली.

"आता बघा बरोबर आहे का, सुनीतीताई."

तिनं त्या दोन शब्दांवरून बोट फिरवलं. मग सुनीतीनं किल्ली उचलून मुठीत घेतली.

"नाशिकला अकरा वर्षं मी असा कागद मागायला हवा होता, दादा," ती म्हणाली. "मी तर त्यांच्याकडं क्षमाच मागत राहिले."